हुंगलेली फुलं

वडनेर भोलजीच्या महामायेनं तीन वेळा पोलीस भरती दिली आणि तिन्ही वेळा भरतीनं तिला साभार परत केलं. धावण्यात ती पहिली, गोळाफेकीत बरी आणि उंचीत अर्धा सेंटिमीटर कमी. पहिल्या वर्षी कमी, दुसऱ्या वर्षी कमी, तिसऱ्या वर्षीही नेमकी तेवढीच. सव्विसाव्या वर्षी माणूस वाढत नाही हे तिला कळत होतं, आशेला कळत नव्हतं. मधल्या काळात तिनं बी.ए. केलं, टायपिंग केलं, कॉम्प्युटरचा कोर्स केला, आपत्ती व्यवस्थापनाचं तीन दिवसांचं शिबिरही केलं. प्रमाणपत्रांची फाइल एवढी जाड झाली, की तिची आई जनकाबाई ती लोखंडी पेटीत लुगड्यांच्या खाली ठेवायची. घरात सगळ्यात वजनदार वस्तू तीच होती.

अशात बुलढाण्याहून मैत्रिणीनं मोबाइलवर जाहिरात पाठवली. 'हरित रोजगार, हरित भविष्य. युवकांसाठी शहरातील बगीच्यात तीन महिन्यांचं प्रशिक्षण. पहिल्या पाच जणांना अकरा महिन्यांची नेमणूक.' खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की पाचांपैकी एक जागा बगीच्यात आणि चार गावाबाहेरच्या कचरा डेपोवर, ओला-सुका निवडायला. तोही हरित रोजगारच. गुणांनुसार जो पहिला येईल, त्यानं जागा निवडायची.

जनकाबाईनं ती बारीक अक्षरं पोरीकडून दोनदा वाचून घेतली. मग म्हणाली, "जाय. पण पह्यली ये. तुह्या आज्यानं गावातली मेलेली ढोरं ओढाची सोडली, म्हणून आपुन शिकलो. तू उकिरड्यावर जाऊ नको. बगीच्यात राह्यली तं मी येईन पाह्याले."

आईनं आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं महामायेला आठवत नव्हतं. त्यामुळं राजूर घाट चढताना एसटीत तिनं ती बारीक अक्षरं पुन्हा एकदा वाचली.

प्रशिक्षणाला वीस जण होते. वीस जणांना वीस हिरवे टी-शर्ट, वीस हिरव्या टोप्या आणि चार खुरपी मिळाली. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचे समन्वयक चंद्रशेखर सर. माणूस स्वच्छ. इतका स्वच्छ, की तीन महिन्यांत त्यांच्या बुटाला बगीच्याची माती लागलेली कोणी पाहिली नाही. पहिले पंधरा दिवस ते हॉलमध्ये पडद्यावर चित्रं दाखवत होते. बर्फ वितळतोय, अस्वल उपाशी आहे, समुद्र वर येतोय. बुलढाण्यापासून समुद्र किती लांब आहे हे कोणी विचारलं नाही. नळाला पाणी कधी येतं एवढं मात्र एकीनं विचारलं, तर सर म्हणाले, "तो विषय मॉड्यूल सहामध्ये आहे."

सोळाव्या दिवशी प्रत्येकाला एकेक वाफा दिला. श्रेयस नावाचा एक मुलगा होता, बुलढाण्याचाच, त्याच्या काकांची ओळख कुठकुठं होती. त्याला मागचा, सावलीतला, नळाजवळचा वाफा मिळाला. महामायेला मिळाला पूर्वेच्या फाटकाशेजारचा. उन्हाचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या चपलेखालचा. तिला आधी त्यात काही वावगं वाटलं नाही. वावरात वाढलेली पोर, ऊन तिला नवं नव्हतं. तिनं माती उकरली, दगड वेचले, चहावाल्याकडून चहाचा चोथा आणून मुरवला, आणि अर्ध्या वाफ्यात झेंडू, अर्ध्यात शेवंती लावली. कडेला जुन्या माळ्यानं लावलेली जास्वंद होती, ती छाटून सरळ केली. नळाला पाणी नसलं की ती समोरच्या हापशीवरून बादल्या आणायची. बाकीचे तोवर बर्फाविषयी टिपणं काढायचे.

परीक्षेचं गणित सरांनी समजावून सांगितलं होतं. शंभर गुण. साठ गुण वाफ्यातल्या फुलांना. बाहेरून परीक्षक येणार आणि झाडावरची फुलं मोजणार. चाळीस गुण नागरिकांच्या अभिप्रायाला. बगीच्यात रोज फिरायला येणाऱ्या पाच जणांनी लेखी शेरा द्यायचा. महामायेनं ते वहीत लिहून घेतलं, पण या दोन्ही ओळींचं आपसात वैर आहे, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

ध्यानात आलं ते सप्टेंबरात.

त्या दिवशी पहाटे पहिल्यांदाच वाफ्यात फुलं उमलली असणार म्हणून ती सहालाच गेली, तर जास्वंदीवर फक्त पानं होती. झेंडूची देठं तुटलेली. आणि वाफ्याच्या मधोमध, लेंग्यावर स्वेटर घातलेले, कानाला मफलर गुंडाळलेले एक वयस्क गृहस्थ छत्रीच्या वाकड्या मुठीनं उरलेली फांदी खाली ओढत होते. 'फुले तोडू नयेत' अशी नगरपालिकेची पाटी तिथं होती. गृहस्थांनी तिचा चांगला उपयोग केला होता. आपली कापडी पिशवी त्यांनी तिलाच अडकवून ठेवली होती.

हे वैजनाथराव. एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती, पण हेडक्लार्कपण काही निवृत्त झालं नव्हतं. बगीच्यात सकाळी फिरणाऱ्यांचं त्यांनी एक प्रभात मंडळ काढलं होतं. फिरणं कमी, बसणं जास्त, आणि दोन्हीच्या आधी फुलं.

"काका, फुलं काऊन तोडून राह्यले?" महामायेनं विचारलं.

"देवासाठी, पोरी," वैजनाथराव फांदी न सोडता म्हणाले. "देवासाठी तोडलेल्या फुलाला तोडणं म्हणत नाहीत."

"मंग काय म्हंतात?"

"सेवा म्हणतात. आणि तू कोण?"

"हा वाफा माह्या हाये. माह्यी परीक्षा हाये याच्यावर."

"छान. चांगली मेहनत घेतलीस," वैजनाथराव म्हणाले, आणि मनापासून म्हणाले, कारण शेवटची जास्वंद तेवढ्यात हाताला लागली होती. त्यांनी ती पिशवीत घातली, पाटीवरून पिशवी काढली आणि मंडळाच्या बाकाकडे गेले. तिथं आणखी तिघे आपापल्या पिशव्या मांडीवर घेऊन बसले होते. देशातल्या भ्रष्टाचारावर चर्चा सुरू होती.

महामायेनं चंद्रशेखर सरांकडे तक्रार केली. सरांनी ती फार शांतपणे ऐकून घेतली. ऐकून घेण्याचं प्रशिक्षण त्यांनी कुठंतरी घेतलेलं असावं.

"हे बघ महामाया, याला आपण लोकसहभाग म्हणतो. बगीचा नागरिकांचाच आहे."

"सर, पण ते समदी फुलं नेतात. मोजाले राह्यतीन काय?"

"आणि एक लक्षात ठेव. वैजनाथराव आणि त्यांचं मंडळच अभिप्राय देणार आहे. चाळीस गुण आहेत. नागरिकांशी वाद नको."

तेव्हा तिला कळलं. फुलं राखावीत तर चाळीस गुण जातात, आणि चाळीस गुण राखावेत तर साठ जातात. इकडे आड, तिकडे विहीर, आणि हापशीवर रांग. बाकीच्या एकोणीस जणांनी हा हिशेब आधीच करून टाकला होता. श्रेयस तर स्वतःच पहाटे फुलं तोडून वैजनाथरावांच्या पिशवीत घालत होता आणि वर "काका, उद्या थोडी जास्त निघतील" असं सांगत होता. परीक्षेपुरती फुलझाडं नर्सरीतून आणायची, काळ्या पिशवीसकट पुरायची, झालं. कोणालाच चिंता नव्हती. महामायेपाशी नर्सरीला द्यायला काही नव्हतं, आणि असतं तरी स्वतः वाढवलेल्या झाडांसमोर विकतची झाडं पुरायला तिचा हात धजला नसता.

तिनं विनवणी करून पाहिली. काकांनी "हो हो" म्हटलं आणि तोडली. तिनं वाफ्याभोवती सुतळी बांधली. मंडळानं सुतळी ओलांडून व्यायाम केला. तिनं फुलांना जाळी लावायचं ठरवलं, तर सर म्हणाले, फोटोत चांगलं दिसत नाही.

आणि मग एके दिवशी देवानंच मार्ग दाखवला म्हणायचं. महामाया देव मानत नव्हती, तेव्हा श्रेय कोणाला द्यायचं ते वाचकानं ठरवावं.

शेवंतीचं पहिलं फूल उमललं होतं. पिवळं, टपोरं, दंवानं भिजलेलं. आठ आठवडे बादल्या वाहिलेल्या माणसाला अशा वेळी काय होतं ते सांगायला नको. तिनं वाकून, डोळे मिटून त्याचा वास घेतला. पोट भरून घेतला. डोळे उघडले तेव्हा वैजनाथराव समोर उभे होते, हात अर्धा पुढं आलेला आणि चेहरा पडलेला.

"अरेरे! हुंगलंस?"

"हाव. काऊन?"

"आता ते देवाला नाही चालणार. हुंगलेलं फूल देवाला वाहत नाहीत. वास आधी देवानं घ्यायचा असतो. एवढं माहीत नाही?" काकांनी हळहळत हात मागं घेतला, ते फूल सोडलं आणि शेजारचे चार झेंडू तोडून गेले.

महामाया त्या एकट्या वाचलेल्या फुलाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिला हसू आलं. तीन महिन्यांच्या प्रशिक्षणात तिला मिळालेलं हे एकमेव उपयोगी ज्ञान होतं, आणि ते पडद्यावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला ती वाफ्यात हजर. मंडळ साडेपाचला आलं. चौघांच्या डोळ्यांदेखत तिनं पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. एकेक फूल दोन बोटांनी धरायची, वाकायची, नाक टेकवायची, ऐकू जाईल असा श्वास आत ओढायची आणि पुढच्या फुलाकडे वळायची. पदराआड नाही, चोरून नाही. राहिलं असं कोणी म्हणू नये म्हणून मोठ्यानं मोजत.

"एकोणचाळीस... चाळीस..."

"हे काय चाललंय?" वैजनाथराव म्हणाले.

"काळजी घेऊन राह्यली, काका. झाडाची तब्येत वासावरून समजते. मॉड्यूल चार."

मॉड्यूल चारमध्ये असं काही नव्हतं, पण मॉड्यूल चार कोणीच वाचलं नव्हतं, सरांनीसुद्धा.

"त्या खालच्या फांदीवरची राहिली असतील ना?" एकानं आशेनं विचारलं.

"थांबा," म्हणून ती गुडघ्यावर बसली आणि तीही हुंगली. चौघे रिकाम्या पिशव्या घेऊन बाकावर गेले. त्या दिवशी भ्रष्टाचारावर चर्चा झाली नाही.

पुढचे तीन आठवडे बगीच्यात जे झालं, त्याला धर्मचर्चाच म्हणावं लागेल. झेंडूला वासच नसतो, म्हणून तो हुंगला तरी हुंगला असं होत नाही, असा एकानं मुद्दा काढला. वास नसतो तर तो उग्र का लागतो, असं दुसऱ्यानं विचारलं. पाण्यानं धुतलं तर चालेल का? तिसऱ्यानं आपल्या गुरुजींना फोन लावला, गुरुजी म्हणाले, शंका असेल तर वाहू नये. मग मधमाशी हुंगते तिचं काय? तिला सूट आहे, असं ठरलं. काकांनी पाच वाजता येऊन पाहिलं, तर ती पावणेपाचला आलेली. तिला झेंडूनं शिंका यायला लागल्या, नाक लाल झालं, भाड्याच्या खोलीतल्या मैत्रिणी तिला 'भुंगा' म्हणायला लागल्या. वाफा मात्र असा फुलला, की फाटकातून शिरणारा माणूस थबकायचा. लोक फोटो काढायचे. बाकीच्या एकोणीस वाफ्यांत पानं होती.

रात्री जेवणवेळी जनकाबाईचा फोन यायचा. "काय वं, आज काय शिकली?"

"दोनशे फुलं हुंगली."

"हे बी शिकवतात काय?"

"हे आपल्याच मनानं करून राह्यली, माय."

पण या तीन आठवड्यांत एक दिवस असाही आला, की ती फोनवर हसली नाही. त्या सकाळी मंडळातले एकजण, ज्यांचं नाव सांगण्यात अर्थ नाही कारण ते कुठल्याही गावात सापडतील, तिच्या पाठीमागं बोलत होते. आवाज खाली, पण पहाटेच्या शांततेत खालचाही वर येतो.

"अहो, नुसतं हुंगण्याचंच नाही ना. एखादवेळ ते धुऊन घेऊ. पण हुंगलं कोणी, तेही बघायला लागतंच की..."

महामाया उभी राहिली. मातीचे हात तसेच. "बोला ना, काका. पुढचं बोला."

"काही नाही. कुठं काय म्हणालो?"

"'कोणी' वर थांबले तुम्ही. पुढचं सांगा. मी ऐकून राह्यली."

गृहस्थांनी मफलर नीट केला. चौघांपैकी एकालाही पुढचं वाक्य ठाऊक नव्हतं असं नाही. कायदा काय आहे तेही ठाऊक होतं. वैजनाथराव घाईघाईनं म्हणाले, "हवेत गारठा वाढलाय नाही!" आणि सगळ्यांनी गारठा वाढल्याचं मान्य केलं.

तिला फार लागलं. राग आला, रडू आलं, आणि आपण या माणसांच्या शेऱ्यावर अवलंबून आहोत याची लाजही वाटली. विहारात तिची आई दर पौर्णिमेला दारातल्या तगरीची फुलं न्यायची, पोरं वाटेत हुंगायची, तिथं कोणी विचारलं नव्हतं. तिला वाटलं, वाफा उपटून टाकावा आणि सकाळच्या गाडीनं घरी जावं. पण पाणी द्यायची वेळ झाली होती, म्हणून ती बादली घेऊन हापशीवर गेली.

परीक्षेच्या आधल्या आठवड्यात मंडळाची बैठक झाली. अभिप्राय प्रतिकूल द्यायचा, यावर एकमत होतं. प्रश्न होता मसुद्याचा. आणि मसुदा म्हटलं की वैजनाथरावांच्या अंगात वीस वर्षांपूर्वीचा साहेबाचा उजवा हात संचारायचा. उगाच शिवीगाळ करणं हे अडाण्याचं काम. खऱ्या हेडक्लार्कनं माणूस वस्तुस्थितीनं मारायचा असतो. त्यांनी लिहिलं: 'सदर प्रशिक्षणार्थी दररोज पहाटे वाफ्यातील प्रत्येक फुलाचा वैयक्तिकरीत्या वास घेते व त्यामुळे नागरिकांची धार्मिक कुचंबणा होते. सोबत परिशिष्ट अ.' परिशिष्ट अ म्हणजे आखीव तक्ता. तारीख, वेळ, हुंगलेल्या फुलांची संख्या, हजर सदस्य. एकवीस दिवसांच्या एकवीस नोंदी. संख्या त्यांना तिच्याच मोजण्यावरून मिळाली होती. तक्ता इतका सुबक झाला, की त्यांनी तो दोन वेळा वाचून काढला.

शुक्रवारी अमरावतीहून परीक्षक आल्या. निवेदिता मॅडम, चाळिशीच्या, कृषीच्या पदवीधर, आणि पायात चिखल चालेल अशा चपला. चंद्रशेखर सरांनी आदल्या दिवशी चुना मारून घेतला होता, दगडांवर, झाडांच्या बुंध्यांवर, एका झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटीवरही थोडा. मॅडम चुन्याकडे न बघता वाफ्यांकडे गेल्या. श्रेयसच्या वाफ्यात बारा डेलिया ऐटीत उभे होते. मॅडमनी एक देठ धरून हलकेच ओढला, तर झाड काळ्या पिशवीसकट हातात आलं. त्यांनी ते परत ठेवलं. दुसरं ओढलं, तेही आलं. एकोणीस वाफ्यांत तोच प्रकार.

महामायेच्या वाफ्यातलं झाड ओढल्यावर आलं नाही. मॅडमनी पुन्हा ओढलं, मग हसून माती सारखी केली आणि मोजायला सुरुवात केली. दोनशे सत्तेचाळीस.

मग अभिप्रायाची फाइल उघडली. मंडळाचे चौघे बाकावर ताठ बसले होते. एरवीही क्वचितच येणारा पाचवा सदस्य तापानं आजारी होता, आणि फॉर्म तर पाच हवेत, म्हणून वैजनाथरावांनी ऐनवेळी आपल्या पत्नीला, सुलभाताईंना, रिक्षात घालून आणलं होतं. सही करायला.

मॅडमनी पहिला शेरा वाचला. दुसरा वाचला. चारही सारखे होते. मग परिशिष्ट अ वाचलं, आणि चष्मा वर केला.

"हा तक्ता कोणी केला?"

"मी," वैजनाथराव उभं राहत म्हणाले. त्यांच्या आवाजात नम्र अभिमान होता.

"रोज पहाटे पाच ते सहा. एकवीस दिवस. एकही खाडा नाही. प्रत्येक फुलापाशी स्वतः जाते. हे सगळं तुम्ही डोळ्यांनी पाहिलं?"

"समक्ष."

"संस्थेच्या हजेरीपटात अशी नोंद मला एकाचीही सापडली नाही," मॅडम चंद्रशेखर सरांकडे बघत म्हणाल्या. मग पुन्हा वैजनाथरावांकडे. "आणि तुम्ही चौघं रोज पहाटे वाफ्यापाशी काय करत होता?"

"प्रभातफेरी."

"पिशव्या घेऊन?"

हेडक्लार्कच्या साऱ्या नोकरीत वैजनाथरावांना कोणी परिशिष्टाविषयी उलटा प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी पिशवीची घडी केली आणि स्वेटरच्या खिशात कोंबली. ती मावली नाही.

पाचवा फॉर्म सुलभाताईंचा. मसुदा त्यांना दिला होता, पण त्यांनी तो उतरवला नव्हता. नवऱ्यापासून दूर, वाफ्याच्या कडेला बसून त्यांनी आपल्या गोल अक्षरात दोन ओळी लिहिल्या होत्या: 'छत्तीस वर्षं फुलं पिशवीत पाहिली. आज झाडावर पाहिली. मुलीला पूर्ण गुण द्यावेत.'

मॅडमनी दिले, आणि परिशिष्ट अ हाही तिच्याच बाजूचा पुरावा धरला. शंभरपैकी सत्त्याण्णव. तीन का कापले, तर चहाचा चोथा थोडा जास्त झाला होता. महामायेनं तिथंच आईला फोन लावला आणि "पह्यली आली" एवढं सांगितलं. पलीकडून जनकाबाईनं बुलढाण्याच्या गाडीची वेळ विचारली.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण परीक्षा घेणारे निराळे आणि नेमणूक देणारे निराळे, ही आपल्याकडची रीत आहे.

सोमवारी महामाया आदेश घ्यायला संस्थेच्या कार्यालयात गेली. चंद्रशेखर सरांनी हसून खुर्ची दिली, अभिनंदन केलं, पेढा दिला आणि यादी पुढं सरकवली. टाइप केलेली, शिक्का मारलेली. बगीचा: श्रेयस. कचरा डेपो: महामाया, प्रेम, पायल आणि आणखी एक. डेपोपुढची चार आडनावं तिनं वाचली. चारही जण आपल्याच समाजातले कसे निघाले, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"सर, पह्यली मी आली. निवडायचं मले हाये."

"हो, हो. पण डेपोवर आम्हाला तुझ्यासारखी जबाबदार मुलगी हवी. नेतृत्व! तिथं खरी संधी आहे. श्रेयसला ते जमणार नाही गं, त्याला त्या वासाची सवय नाही. तुम्हा लोकांना कसं, जरा..."

सर थांबले. पेढ्याच्या खोक्याचं झाकण लावायला लागले.

या वेळी तिला रडू आलं नाही. तिनं पेढा यादीशेजारी ठेवला. "मले बी ढोराच्या वासाची सवय नाही, सर. माह्या आईलेबी नाही. आज्यानं सोडली ती." मग तिनं कागद हातात घेऊन वरचा कोपरा पाहिला. टायपिंग शिकलेली पोर. तारीख आधी बघायची सवय. "परीक्षा शुक्रवारी झाली ना?"

"हो."

"हा कागद त्याच्या आधीच्या बुधवारचा हाये."

चंद्रशेखर सरांनी कागद पाहिला. "टायपिंगची चूक असेल."

"आसन. मंग नवीन टाइप करा. गुणांप्रमाणं. पाचही जणांची, माह्यी एकटीची नाही." तिनं मोबाइलनं कागदाचा फोटो काढला, सरांच्या समोर, घाई न करता. "नाही तं निवेदिता मॅडमचा नंबर फॉर्मवर हाये. त्याइले पाठवून देतो, चूक कोणाची ते पाह्यतीन."

"ऑपरेटर जेवायला गेलाय."

"येऊ द्या. मी बसून राह्यली."

ती बसली. ऑपरेटर दोनला येणार होता, तो साडेतीनला आला. मग लाइट गेली. सरांनी तिला दोन वेळा उद्या यायला सांगितलं, एकदा चहा विचारला, एकदा आपण कसे सगळ्यांना समान मानतो ते सांगितलं. ती "हाव" म्हणत होती आणि उठत नव्हती. पाचला लाइट आली. प्रिंटरमधून कागद बाहेर येताना गरम होता. बगीचा: महामाया. डेपोवर गुणांनुसार पुढचे चौघे, त्यात श्रेयसही होता. सरांनी सही करताना वर पाहिलं नाही.

महामायेनं आपलं नाव वाचलं, जागा वाचली, आणि मग तारीख वाचली. आजची होती.